बर्फाची वाटणी

१९९८-९९ च्या अंटार्क्टिक उन्हाळ्यात डोम सी नावाच्या पठारावर ७८८ मीटर खोलीत ड्रिल अडकलं आणि ते वर आलंच नाही. आपल्याकडे बोअर मारताना पाइप अडकला, तर गाडीवाला दिवसभर खटपट करतो आणि नाहीच जमलं तर नाद सोडून चार पावलं पलीकडे दुसरं भोक घेतो. डोम सीवरही शेवटी तेच करावं लागलं. पण तिथं चार पावलं सरकणंही सोपं नव्हतं. किनारा हजारावर किलोमीटर लांब, जागेची उंची ३,२३३ मीटर, वर्षाचं सरासरी तापमान उणे ५४ अंश सेल्सिअस, आणि काम करण्याजोगे दिवस वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने. डिझेलपासून खाण्यापिण्यापर्यंत अवजड सामान किनाऱ्यावरून ट्रॅक्टरांच्या तांड्यानं ओढत आणायचं. तीन मोसमांची मेहनत एका जागी रुतून बसली होती आणि खाली अजून अडीच किलोमीटर बर्फ उरला होता.

या कामामागे दहा देश होते: बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन. प्रत्येकाची पैसे देणारी संस्था वेगळी, नियम वेगळे, कामाच्या सवयी वेगळ्या. एवढा मोठा फटका बसल्यावर एखाद्यानं अंग काढून घेतलं असतं तर नवल नव्हतं. तसं झालं नाही. जवळच नवं विवर सुरू झालं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते ३,२७० मीटरवर पोहोचलं. तळाचा खडक तिथून फक्त पाचेक मीटर खाली होता. त्या विवरातून आठ लाख वर्षांच्या हवामानाचा सलग वृत्तांत माणसाच्या हाती आला.

या मोहिमेचं नाव ‘युरोपियन प्रोजेक्ट फॉर आइस कोअरिंग इन अंटार्क्टिका’, थोडक्यात एपिका. तिच्या शोधांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ज्या व्यवस्थेमुळे ते शोध लागले, तिच्याबद्दल मात्र फार कमी. बैठका, प्रवासखर्च, सुकाणू समित्या, वाटणीचे नियम ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही. मला ती वाटते. तिच्याशिवाय बर्फ वर आला असता कदाचित, पण त्यातून निघालेल्या आकड्यांवर जगानं असा विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातलं विज्ञान उभं राहिलं ते देशादेशांच्या चौकटीत. पैसा राष्ट्रीय संशोधन मंडळांकडे आणि मंडळांची नजर आपापल्या सीमेच्या आत. कणभौतिकीसाठी १९५४ मध्ये जिनिव्हाजवळ सर्न उभी राहिली, कारण एवढं यंत्र एका देशाला पेलणारं नव्हतं. पण सगळ्याच शास्त्रांना एक अवाढव्य प्रयोगशाळा नको असते. बऱ्याच जणांची गरज साधी असते: पलीकडच्या देशात याच प्रश्नावर काम करणाऱ्या माणसाला भेटता यावं, आपला विद्यार्थी महिनाभर त्याच्या प्रयोगशाळेत पाठवता यावा, दोघांची मोजमापं एकाच पट्टीवर यावीत. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉस्ट’ या व्यवस्थेनं हेच काम हाती घेतलं. ती संशोधनाला पैसे देत नाही, संशोधकांना एकत्र आणायला देते. १८ नोव्हेंबर १९७४ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात युरोपियन सायन्स फाउंडेशन स्थापन झालं. पंधरा देशांतल्या बेचाळीस संशोधन संस्था आणि अकादम्या त्याच्या पहिल्या सदस्य होत्या.

या फाउंडेशनकडे स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, मोठी तिजोरीही नव्हती. त्याचे कार्यक्रम चालायचे ते ज्याला रस असेल त्यानं वर्गणी द्यावी या तत्त्वावर. एखाद्या विषयात पोर्तुगालला रस नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, आणि तो नाही म्हणून बाकीच्यांचं अडत नाही. जमलेल्या पैशातून चार-पाच वर्षं परिषदा, कार्यशाळा, उन्हाळी शाळा चालायच्या. पंधरा दिवसांपर्यंतच्या छोट्या भेटींना आणि सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामांना अनुदान मिळायचं. पुढे या योजनेला ‘रिसर्च नेटवर्किंग प्रोग्राम्स’ असं नाव मिळालं. रक्कम पाहिली तर लहान, परिणाम पाहिला तर मोठा. आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा बर्फात सापडतो.

बर्फ वाचायची विद्या युरोपात तीन ठिकाणी वेगवेगळी वाढली. कोपनहेगनमध्ये विली डान्सगार्ड यांनी १९५२ च्या जूनमध्ये घराच्या अंगणात बिअरची बाटली आणि नरसाळं ठेवून पावसाचं पाणी गोळा केलं आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजलं. हवा जितकी थंड, तितका तिच्यातून पडणाऱ्या पावसा-बर्फात जड ऑक्सिजन कमी. म्हणजे जुन्या बर्फातलं हे प्रमाण मोजलं की तो पडला तेव्हाची थंडी कळते. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये हान्स ओश्गर बर्फातल्या बुडबुड्यांत अडकलेल्या प्राचीन हवेमागे लागले. तिकडे फ्रान्समध्ये क्लोद लोरियस यांना १९६५ मध्ये अंटार्क्टिकावर व्हिस्कीच्या पेल्यात टाकलेला जुना बर्फ फुटताना पाहून त्याच हवेची कल्पना सुचली आणि त्यांच्याभोवती ग्रेनोबलची प्रयोगशाळा वाढली. १९८० च्या सुमारास ग्रेनोबल आणि बर्न या दोन्ही ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतींनी, एकच निष्कर्ष निघाला: हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच कमी होता. दोन गावांनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि मग एकमेकांचे आकडे पडताळायचे ही रीत तेव्हापासूनची.

या तिघांना एका मांडवाखाली आणलं ते ग्रीनलंडनं. १९८९ मध्ये फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ग्रीनलंड आइस-कोअर प्रोजेक्ट’, म्हणजे ग्रिप, सुरू झाला. आठ युरोपीय देश आणि युरोपियन समुदायाचं अर्थसाहाय्य. ड्रिलिंगची बाजू कोपनहेगनच्या नील्स गुंडेस्ट्रुप आणि आइसलँडचे सिगफुस यॉन्सेन यांच्या कसबावर उभी होती. ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या माथ्यावर, समिट इथं, १२ जुलै १९९२ रोजी ३,०२९ मीटरवर खडक लागला. तिथून सुमारे तीस किलोमीटर पश्चिमेला अमेरिकेचं स्वतंत्र विवर चालू होतं. ते पुढच्या वर्षी ३,०५३ मीटरवर पूर्ण झालं.

दोन विवरं म्हणजे पैशाची उधळपट्टी असं कुणाला वाटलं असेल. पुढे जे झालं त्यानं ते किती आवश्यक होतं हे दाखवून दिलं. १९९३ च्या जुलैमध्ये ग्रिपच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळातही हवामान मोठे झोके घेत होतं. ही बातमी घाबरवणारी होती, कारण आपणही उबदार काळातच राहतो. पण अमेरिकी विवराशी ताडून पाहिल्यावर दिसलं की वरचे सुमारे २,७०० मीटर दोघांचे तंतोतंत जुळतात, आणि तळाजवळचे तीनशेएक मीटर अजिबात जुळत नाहीत. तळाशी बर्फाचे थर वाकून, दुमडून उलटसुलट झाले होते. झोके हवामानाचे नव्हतेच. दोन्ही गट एकत्र बसले आणि १९९७ मध्ये त्यांचं काम ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’च्या एका संयुक्त अंकात आलं. एकच विवर असतं तर चुकीचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात जाऊन बसला असता.

जे जुळलं होतं ते तर विलक्षण होतं. शेवटच्या हिमयुगात ग्रीनलंडचं तापमान पंचवीसेक वेळा काही दशकांतच आठ ते सोळा अंशांनी वर उसळलं आणि मग हळूहळू उतरलं. या उसळ्यांना आता डान्सगार्ड-ओश्गर यांचंच नाव आहे. ही गोष्ट दूर उत्तरेची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १९९८ मध्ये अरबी समुद्राच्या तळाच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गेल्या एक लाख दहा हजार वर्षांत ग्रीनलंड तापला की आपला मोसमी पाऊस जोर धरतो आणि तो थंडावला की पाऊसही मंदावतो, असं दिसून आलं. कोकणावर येणारा पाऊस आणि समिटचा बर्फ एकाच हवामानाचे भाग आहेत, हे त्या गाळात लिहिलेलं होतं.

ग्रिप संपल्यावर तीच माणसं, त्याच ओळखी, त्याच सवयी दक्षिणेकडे वळल्या. अंटार्क्टिकावर रशियाच्या व्होस्तोक तळावर एक विवर आधीपासून चालू होतं; १९९८ मध्ये ते ३,६२३ मीटरपर्यंत गेलं आणि चार लाख वीस हजार वर्षांचा इतिहास मिळाला. पण ते एकच होतं, आणि एकट्याच्या साक्षीवर किती विसंबायचं हे ग्रीनलंडनं शिकवलं होतं. १९९६ मध्ये सुरू झालेल्या एपिकानं म्हणून पहिल्यापासून दोन जागा ठरवल्या. एक डोम सी, जिथं वर्षाला फक्त अडीच सेंटिमीटर पाण्याएवढा बर्फ पडतो, त्यामुळे थोड्या जाडीत फार जुना काळ मावतो. दुसरी अटलांटिकच्या बाजूची ड्रॉनिंग मॉड लँड, जिथं बर्फ दुपटीहून जास्त पडतो, म्हणून काळ कमी पण तपशील जास्त. तिथं जर्मनीनं कोहनेन तळ उभारला. दोन्ही जागा एका कार्यक्रमात ठेवल्या होत्या, म्हणून एकीवर काम रखडलं तरी कार्यक्रम थांबत नव्हता. फाउंडेशननं समन्वयाची चौकट दिली, युरोपियन कमिशननं पैसा दिला, आणि जहाजं, विमानं, इंधन, माणसं देशादेशांच्या ध्रुवीय संस्थांनी दिली. ज्याँ जूझेल, हाइन्झ मिलर, एरिक वुल्फ यांच्यासारख्या माणसांनी या सगळ्याची मोट वर्षानुवर्षं बांधून ठेवली.

आता प्रत्यक्ष कामाकडे जाऊ. ड्रिल म्हणजे तारेला टांगलेली लांब पोकळ नळी. तिच्या तोंडाशी पाती असतात. ती फिरत खाली जाते तेव्हा मधला बर्फ दहा सेंटिमीटर व्यासाच्या दांड्याच्या रूपात नळीत शिरतो. एका फेरीत फार तर तीन-साडेतीन मीटर. विवर बर्फाच्या भारानं मिटू नये म्हणून ते केरोसिनसारख्या द्रवानं भरून ठेवावं लागतं. खोली वाढली की एका फेरीला तासाहून जास्त वेळ जातो. तळाजवळ बर्फ वितळणबिंदूच्या जवळ येतो, कातरलेला चुरा वितळून पुन्हा पात्यांवर गोठतो आणि ड्रिल धरून ठेवतो. शेवटचे काही मीटर इथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण खाली सोडून, इंचाइंचानं मिळवले गेले.

वर आलेला दांडा ५५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून पिशव्यांत भरला जाई. या ‘बॅग’ला क्रमांक असतो, आणि सगळं शास्त्र त्या क्रमांकावर चालतं. आधी बर्फ न वापरता करता येणारी मोजणी: दांड्याच्या विद्युत गुणधर्मांची नोंद. ज्वालामुखीच्या आम्लाचे थर त्यात लगेच दिसतात, आणि दोन विवरांचे थर एकमेकांशी जुळवायला ते खुणेसारखे उपयोगी पडतात. मग करवत. दांडा उभा कापला जाई. एक पट्टी ऑक्सिजनच्या समस्थानिकांसाठी, एक रसायनांसाठी, एक बर्फाच्या स्फटिकांच्या रचनेसाठी, एक हवेसाठी. कुणाला किती जाडी, कुठली बाजू, कुठल्या खोलीतली, हे सगळं आराखड्यात आधी ठरलेलं. आणि दांड्याचा एक चतुर्थांश भाग कुणालाही नाही. तो डोम सीवरच, बर्फात खोदलेल्या कोठीत, पुढच्या पिढीच्या प्रश्नांसाठी राखून ठेवायचा.

हा आराखडा मला एपिकाचा सगळ्यात सुंदर दस्तऐवज वाटतो. आठ लाख वर्षांपूर्वीचा बर्फ म्हणजे जगात पुन्हा न मिळणारी वस्तू. ज्यानं काढला त्यानं आपल्या देशात नेऊन ठेवला असता, तर फार तर तक्रार झाली असती. इथं ज्यानं ड्रिल चालवलं त्याला, ज्यानं विमान दिलं त्याला आणि ज्याच्याकडे फक्त एक चांगलं यंत्र आणि एक हुशार विद्यार्थी होता त्यालाही, आधी ठरलेल्या नियमानं वाटा मिळाला. ही वाटणी बर्फ वर येण्याच्या कितीतरी आधी, बैठकांच्या टेबलावर झालेली होती. तिथं जमायला प्रवासखर्च कुणी दिला, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

१० जून २००४ च्या ‘नेचर’मध्ये पहिला मोठा लेख आला. सात लाख चाळीस हजार वर्षं, आठ हिमयुगं. लेखक म्हणून एकाचंही नाव नाही, फक्त ‘एपिका समुदायाचे सदस्य’. छप्पन्न नावांची यादी वर्णानुक्रमे दिलेली. त्या क्रमात पहिलं नाव येतं लॉराँ ओग्युस्तँ यांचं, आणि ते होते डोम सीवरच्या ड्रिलिंगचे प्रमुख. ज्यानं हातानं बर्फ काढला तो यादीच्या माथ्यावर आहे, हे अक्षरांच्या योगायोगानं झालं असलं तरी मला फार योग्य वाटतं.

कार्बन डायऑक्साइडची मोजणी पुन्हा बर्न आणि ग्रेनोबलकडे होती. बर्नमध्ये सुमारे आठ ग्रॅम बर्फ निर्वात पेटीत सुयांनी चिरडायचा आणि निघालेली हवा लेसरनं तपासायची. ग्रेनोबलमध्ये चाळीसेक ग्रॅम घेऊन पोलादी गोळ्यांच्या चक्कीत दळायचा आणि हवा गॅस क्रोमॅटोग्राफमधून न्यायची. चार लाख वर्षांपलीकडचे आकडे जाहीर होण्याआधी एपिकाच्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या हवामानतज्ज्ञांपुढे आव्हान ठेवलं: तुमची प्रारूपं खरी असतील तर आमचे आकडे न पाहता सांगा, हवेत काय असेल. उत्तरं मागवली, नंतर पत्ते उघडले. बऱ्याच अंदाजांनी दिशा बरोबर ओळखली होती. चार लाख तीस हजार वर्षांपलीकडचे उबदार काळ नंतरच्या उबदार काळांइतके उबदार नव्हते, आणि त्यांत कार्बन डायऑक्साइडही कमी होता. आकडे पाहून सिद्धान्त वळवण्याची सोय आधीच बंद करून टाकलेली. अशी खुली परीक्षा घेण्याची हिंमत, एकमेकांना चांगलं ओळखणाऱ्या समुदायातच येते.

२००८ पर्यंत आठ लाख वर्षं पुरी झाली. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग त्या सगळ्या काळात साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान राहिले. आज ते ४२० च्या वर आहेत. जगातल्या प्रत्येक हवामान परिषदेत दाखवली जाणारी ती रेघ प्रामुख्यानं याच विवरातून आली आहे. त्याच वर्षी एपिकाला युरोपियन कमिशनचा देकार्त पुरस्कार मिळाला.

कोहनेनच्या विवरानं २००६ च्या जानेवारीत २,७७४ मीटर गाठले, तेव्हा तळाचं पाणी आत चढू लागलं. पण हवं ते मिळालं होतं. मिथेन वायू जगभरच्या हवेत लवकर मिसळतो, म्हणून त्याच्या चढउतारांवरून ग्रीनलंडचा आणि अंटार्क्टिकाचा बर्फ काळाच्या एकाच रेघेवर ठेवता येतो. तो ठेवल्यावर दिसलं की ग्रीनलंडच्या प्रत्येक उसळीला दक्षिणेत जोडीदार आहे. उत्तर गारठलेली असते तेव्हा दक्षिण हळूहळू तापते, आणि उत्तर उसळली की दक्षिण निवू लागते. अटलांटिक महासागराचे प्रवाह उष्णता इकडून तिकडे नेतात, त्याचा हा खेळ. दोन ध्रुवांचा बर्फ मोजणारी माणसं एकाच चौकटीत काम करत होती, म्हणून ही जुळणी इतक्या बारकाईनं होऊ शकली.

आणि चूक सापडली तेव्हा तीही याच चौकटीत सापडली. २०१५ मध्ये बर्नच्या गटानं राखून ठेवलेला बर्फ वेगळ्या पद्धतींनी पुन्हा मोजला आणि जाहीर केलं की आपल्याच सुयांच्या यंत्रातून तळाच्या दोनशे मीटर बर्फातली हवा पुरती बाहेर येत नव्हती. सर्वांत जुने आकडे सुमारे दहा भागांनी कमी लागले होते. मूळ निष्कर्ष बदलला नाही, पण जगभर वापरली जाणारी आपलीच रेघ आपण होऊन दुरुस्त करणं हे मोठं काम होतं.

युरोपियन सायन्स फाउंडेशनचं पुढे काय झालं ते सांगायला मला वाईट वाटतं. २०११ मध्ये ब्रुसेल्सला सायन्स युरोप ही नवी संघटना उभी राहिली, राष्ट्रीय मंडळांनी आपलं लक्ष आणि वर्गण्या तिकडे वळवल्या, आणि स्ट्रासबूर्गचे नेटवर्किंग कार्यक्रम एकेक करून संपत गेले. फाउंडेशन आजही आहे, पण काम वेगळं आहे. कॉस्ट चालू आहे, ही जमेची बाजू. मात्र ज्याला रस असेल त्यानं वर्गणी द्यावी आणि शास्त्रज्ञांनी स्वतः विषय ठरवावा, असा तो मोकळा मार्ग बंद करण्यात युरोपनं घाई केली, असं माझं मत आहे.

त्या मार्गानं घडलेली माणसं मात्र कामात आहेत.

२०२५ च्या जानेवारीत डोम सीपासून पस्तीसेक किलोमीटरवर, लिटल डोम सी इथं, युरोपियन युनियनच्या ‘बियाँड एपिका’ मोहिमेनं २,८०० मीटरवर खडक गाठला. इटलीचे कार्लो बार्बांते तिचे समन्वयक. २००४ च्या त्या यादीत दुसरं नाव त्यांचं होतं. वर आलेला बर्फ किमान बारा लाख वर्षांचा आहे. साधारण दहा लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचा ठेका बदलला: आधी ती दर एक्केचाळीस हजार वर्षांनी येत, नंतर लाखभर वर्षांनी येऊ लागली आणि अधिक कडक झाली. का बदलला, याचं उत्तर अजून नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घटत गेला म्हणून, की बर्फाखालची जमीन खरवडून निघाल्यामुळे, यावर मतं आहेत, पुरावा नाही. तो बदल घडत असतानाची हवा आता बुडबुड्यांत बंद होऊन युरोपात पोहोचली आहे, आणि दांडा पुन्हा उभा कापून प्रयोगशाळांमध्ये वाटला जातो आहे.